शेवटचे दोन दिवस: घरच्यांनी उभ्या केलेल्या एका लग्नाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे लग्न माझ्या मैत्रिणीचं. सात महिने मी तयारीत होते आणि प्रत्यक्ष दिवशी वेळापत्रकाची वही माझ्याच हातात होती. त्यामुळे इथे लिहिलंय ते जवळून पाहिलेलं आहे, आणि ज्या चुका झाल्या त्यांतल्या दोन माझ्यासमोर, माझ्या संमतीने झाल्या. ओळख पटू नये म्हणून नावं, गाव, खरी रक्कम यातलं काही देत नाही. माणसं नात्यांनीच ओळखू या. पैशांचं म्हणाल तर दोघांनी लग्नासाठी बाजूला काढलेली सगळी रक्कम म्हणजे १०० भाग असं धरलंय. पुढचे सगळे आकडे त्याच भागांत आहेत.

दोघंही नोकरी करणारे. पैसे तीन वर्षांच्या बचतीतले. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या: कर्ज काढायचं नाही आणि आईवडिलांच्या साठवणीला हात लावायचा नाही. कायदेशीर नोंदणी त्यांनी आधीच स्वतंत्रपणे उरकून घेतली. हे फार शहाणपणाचं झालं. कागदपत्रांचा घोळ आणि पाहुण्यांची गर्दी एकाच दिवशी डोक्यावर आली नाही, शिवाय सोहळ्याची वेळ आणि रूप ठरवायला ते मोकळे राहिले.

अडचण

सुरुवात एका लग्न-व्यवस्थापन कंपनीच्या अंदाजपत्रकाने झाली. १८० पाहुण्यांसाठी आकडा आला २६० भाग. म्हणजे हातात जेवढं होतं त्याच्या अडीचपटीहून जास्त. मुलाने कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाला, “आपलं आपण करू.” पण आपण करायचं म्हणजे नेमकं काय काय, हे त्या वेळी कोणालाच सांगता आलं नसतं.

मुलीने दुसऱ्या दिवशी तोच कागद परत उघडला. प्रत्येक ओळीसमोर तिने खूण केली: हा खर्च माणसांच्या संख्येवर वाढतो की कितीही माणसं आली तरी तेवढाच राहतो? जेवण, जागा, खुर्च्या-टेबलं, ताटं-भांडी, निमंत्रणं पहिल्या गटात गेली. फोटो, कपडे, ध्वनियंत्रणा, मंचाची सजावट, व्यवस्थापनाचं शुल्क दुसऱ्या गटात. पहिल्या गटाची बेरीज १७०, दुसऱ्याची ९०.

या खुणांमुळे पुढची चर्चा बदलली. तोवर सगळे फुलं स्वस्तात कुठे मिळतील, निमंत्रणं घरी छापता येतील का, यावर बोलत होते. निमंत्रणं फुकट छापली असती तरी दोनच भाग वाचले असते. पाहुणे १८० वरून ९६ वर आणले तर १७० चे ९१ होतात, एका फटक्यात ७९ भाग कमी. कात्री, गोंद, कागद हातात घेण्याआधी बसून यादीच करायला हवी होती.

पहिला निर्णय: यादी

दोघांनी एक प्रश्न ठरवला: गेल्या दोन वर्षांत आपल्यापैकी कोणी या माणसाशी स्वतःहून बोललं आहे का? कागदावर प्रश्न सरळ होता. घरात तो टोचला. मुलीच्या वडिलांच्या कामावरचे वीसेक जण यादीतून गेले आणि ते दोन दिवस जेवायच्या टेबलावर कोणाशी बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या प्रत्येकाच्या घरच्या कार्याला ते स्वतः गेले होते.

मुलाने तेव्हा एका अभ्यासाचा दाखला आणला. अँड्र्यू फ्रान्सिस आणि ह्यूगो मियालॉन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या ३,००० हून अधिक विवाहितांच्या माहितीवरून २०१४ मध्ये मांडलं होतं की लग्नावरचा खर्च जास्त असेल तिथे लग्न टिकण्याचं प्रमाण कमी दिसतं. हे त्याच्या सोयीचं होतं. पण त्याच अभ्यासात हेही आहे की लग्नाला जास्त माणसं आली असतील तिथे ते टिकण्याचं प्रमाण जास्त दिसतं. वडिलांनी नेमकं तेच वाक्य पकडलं. अशा अभ्यासातून दोन गोष्टी सोबत आढळतात एवढंच कळतं, एकीमुळे दुसरी घडते हे सिद्ध होत नाही. तरी त्या संध्याकाळी वाद निवळला, कारण वडिलांना प्रथमच वाटलं की आपल्या बाजूलाही काही वजन आहे.

तोडगा मुलीने काढला. वडिलांच्या सहकाऱ्यांसाठी लग्नानंतर आठवड्याने घरी वेगळी संध्याकाळ ठेवायची, कसलाही थाट न करता. वडील तयार झाले. मला विचाराल तर सबंध लग्नातला सर्वांत चांगला निर्णय हाच. यादी ९६ वर थांबली: आठ जणांची १२ टेबलं.

दुसरा निर्णय: जागा

दोन जागा समोर होत्या. एक मोकळं मैदान, भाडं फक्त ४ भाग. दुसरं एक सार्वजनिक सभागृह, भाडं १८ भाग. मैदान सगळ्यांना आवडलं होतं, फोटोही छान आले असते. मग मुलाने मैदानावर काय काय नाही याची यादी केली: छप्पर, खुर्च्या, टेबलं, वीज, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, रात्रीचे दिवे, स्वयंपाकाची जागा, आणि पाऊस आला तर दुसरी सोय. भाड्याने आणायच्या प्रत्येक वस्तूसाठी तीन-तीन ठिकाणी दर विचारले. बेरीज ३१ भागांवर गेली, त्यात वाहतूक धरलेली नव्हती. सभागृहात खुर्च्या, टेबलं, ओटा, शीतकपाट, दिवे सगळं होतं.

सभागृह ठरलं. ताबा त्याच दिवशी सकाळी ९ पासून रात्री १० पर्यंत. आदल्या संध्याकाळपासून ताबा हवा असेल तर आणखी २ भाग. ते नको म्हटलं गेलं. “सोहळा चारला, त्याआधी सात तास मिळतात, पुष्कळ झाले,” असं मीच म्हणाले होते.

तिसरा निर्णय: जेवण

इथे भावना सर्वांत तीव्र होत्या. मुलीच्या मावशीचं म्हणणं असं की घरचं लग्न तर जेवणही घरचंच हवं. “अगं, एवढी माणसं आहोत आपण, शंभर जणांचं होत नाही का?” मावशी उत्तम स्वयंपाक करतात आणि त्यांनी मनापासून विचारलं होतं. नाही म्हणणं अवघड होतं.

पर्याय तीन होते. सगळं जेवण वाढप्यांसकट बाहेरून घेणं, ५८ भाग. सगळं घरी करणं, साधारण २० भाग. किंवा गरम पदार्थ बाहेरून फक्त पोहोचते करून घ्यायचे आणि थंड पदार्थ, गोड, पेयं घरी, ३४ भाग.

घरी करण्याच्या विरोधात मुलीने चवीचा मुद्दा काढलाच नाही, तिने आकडे मांडले. माणशी अर्धा किलो धरलं तरी ९६ जणांचं अन्न ४८ किलो. ते आदल्या दिवशी केलं तर थंड करायला जागा कुठे? जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं मांडली. त्यांनुसार शिजवलेलं अन्न साध्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. गरम असेल तर ६० अंश सेल्सिअसच्या वर हवं, थंड असेल तर ५ अंशांच्या खाली. मोठ्या खोल पातेल्यातलं अन्न मधोमध तासन्‌तास कोमट राहतं, आणि जंतू वाढायला तेच तापमान लागतं. ते लवकर थंड करायचं तर चार-पाच सेंटिमीटर थर होईल अशा उथळ भांड्यांत वाटावं लागतं. ४८ किलोसाठी तशी भांडी किती लागतील हे मावशींनी स्वतःच मनात मोजलं. मग म्हणाल्या, “बरं, गरम बाहेरचं. पण गोड माझं.”

तिसरा पर्याय ठरला. गोड मावशींचं, आणि ते इतकं छान झालं की अजूनही लोक विचारतात.

आराखडा

शेवटी १०० भागांची विभागणी अशी झाली: जेवण ३४, सभागृह १८, छायाचित्रकार १२, कपडे ११, फुलं आणि सजावट ९, भांडी आणि इतर भाड्याच्या वस्तू ५, ध्वनी २, निमंत्रणं १, आणि अडीअडचणीला राखीव ८. मुलाला राखीव रक्कम २ पुरेल असं वाटत होतं. मुलगी ८ वर अडून बसली.

छायाचित्रकारावरही थोडी चर्चा झाली. एक मित्र चांगले फोटो काढतो, त्याला सांगू, असं मुलाच्या मनात होतं. पण मग तो मित्र लग्नात पाहुणा उरला नसता, आणि फोटो बिघडले असते तर मैत्रीही बिघडली असती. व्यावसायिक माणूस फक्त चार तासांसाठी घ्यायचा असं ठरलं, आणि हव्या असलेल्या २५ फोटोंची यादी आधीच त्याला दिली.

कपडे, निमंत्रणं, गाणी यांत सांगण्यासारखं फार नाही. उत्तरं चार आठवडे आधी मागवली होती, २३ जणांना फोन करून विचारावं लागलं. गाणी फोनमध्ये उतरवून घेतली आणि त्या फोनचं सिमकार्ड काढून ठेवलं, म्हणजे मध्येच कोणाचा फोन वाजणार नाही.

खरा प्रश्न वेळेचा होता. घरी करायच्या कामांची यादी करून प्रत्येकासमोर तास लिहिले, बेरीज १४५ आली. पाच-सहा माणसं, सात महिने. कोणालाच काही अवघड वाटलं नाही.

स्वतःच्या कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये या चुकीला नाव दिलं, नियोजनातला भ्रम. १९९४ मध्ये ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल हे विचारलं. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी १४५ या आकड्यावर मी बोट ठेवलं नाही. टेबलावरची एक फुलरचना दहा मिनिटांत होईल असं लिहिलं होतं. कोणी एक करून घड्याळ लावून पाहिली नव्हती. प्रत्यक्षात एकीला २५ मिनिटं लागली. १२ टेबलांसाठी दोन तास धरले होते, लागले पाच.

शेवटचे ४८ तास

फुलं दोन दिवस आधी घाऊक बाजारातून आणली. मुलगी आणि तिची आई, दोघींनी देठ पाण्यात धरून तिरके कापले, पाण्याखाली जाणारी पानं काढली, खोल बादल्यांत रात्रभर ठेवली. सगळं अगदी नियमाप्रमाणे. दुसऱ्या दिवशी रचना केल्या आणि घरातल्या सर्वांत थंड खोलीत नेऊन ठेवल्या. त्याच खोलीत फळांचे चार खोके होते, गोडाबरोबर ठेवायची म्हणून आणलेली, छान पिकलेली.

लग्नाच्या सकाळी सहाला मी त्या खोलीत गेले. आधी वासच आला, पिकल्या फळांचा दाट गोड वास. दिवा लावला तर कार्नेशनची फुलं मिटायला लागली होती. पाकळ्या आत वळलेल्या, कडा पातळ आणि काचेसारख्या. आदल्या रात्री बशीएवढं उघडलेलं फूल बोटाच्या पेराएवढं झालं होतं. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि कार्नेशन त्याला फार लवकर बळी पडतात. शेजारच्याच रचनांमधल्या शेवंतीला काहीही झालं नव्हतं, तिच्यावर त्या वायूचा फारसा परिणाम होत नाही. फळांचे खोके दुसऱ्या खोलीत ठेवले असते, तर एवढंच पुरलं असतं.

मुलाचा भाऊ बाजारात धावला, राखीव रकमेतले ३ भाग गेले. अर्ध्या रचना उस्तरून शेवंती आणि हिरव्या फांद्यांवर पुन्हा बांधल्या. पण फुलं आल्यावर यात सकाळचे अडीच तास गेले, आणि सभागृहाचा ताबा ९ ला होता. जे सात तास मी पुष्कळ म्हटले होते, त्यातले दोन इथेच संपले, कारण ज्यांनी टेबलं मांडायची तीच माणसं फुलं बांधत होती.

सभागृहात पोहोचल्यावर टेबलं, कापडं, खुर्च्या, मंच, ध्वनी. बारा वाजता पाच माणसं होती आणि काम दहा जणांचं होतं. त्या वेळी एक छोटी गोष्ट चांगली सुचली: जेवणाची लांब टेबलं भिंतीपासून ओढून मधे घेतली. एका बाजूने रांग असती तर माणशी अर्धा मिनिट धरून ९६ जणांना पाऊण तासाहून जास्त लागला असता. दोन्ही बाजूंनी वाढून घेता आल्यामुळे २५ मिनिटांत सगळे बसले.

सोहळा चारला सुरू झाला, वेळेवर. मुलीला तयार व्हायला दीड तास ठेवला होता, मिळाली ४० मिनिटं. सव्वापाचला चुलत भाऊ बोलत असताना माइक बंद पडला, कारण ओट्यावर कोणी तरी पाणी तापवायचं मोठं भांडं लावलं आणि दोन्ही एकाच जोडणीवर होते. पाच मिनिटांत सुरळीत झालं. सगळी यंत्रं एकदा एकाच वेळी लावून पाहिली असती तर हे आधीच कळलं असतं, पण ते करायला आदल्या संध्याकाळचा ताबा हवा होता.

सहाला कुटुंबाचा मोठा फोटो होता. छायाचित्रकाराने यादीवरून नावं पुकारली. मुलीची आई नव्हती. मी शोधत ओट्याकडे गेले. काकू तिथे उभ्या होत्या, सोहळ्याच्या कपड्यांवर जुना टॉवेल बांधलेला, हात कोपरापर्यंत फेसात, पेले विसळत होत्या. भाड्याचे पेले कमी पडले होते आणि जेवणाआधी ते धुवायला कोणाचंच नाव नव्हतं. “काकू, फोटो आहे,” मी म्हणाले. “तुम्ही काढून घ्या गं, हे एवढं संपवते. थांबले तर जेवायला उशीर होईल,” त्या म्हणाल्या. मी पेले हातात घेऊन त्यांना बाहेर पाठवेपर्यंत तो फोटो झाला होता. छायाचित्रकाराचे चार तास संपत आले होते आणि पुढचे फोटो रांगेत होते.

पेल्यांसाठी आणि रात्रीच्या आवराआवरीसाठी मुलाने तिथल्या तिथे दोन माणसं लावली. राखीव रकमेतले आणखी ४ भाग. दहाला किल्ल्या परत दिल्या तेव्हा सभागृह स्वच्छ होतं.

परिणाम

खर्च १०१ भाग झाला. राखीव सोडून ठरलेले ९२, फुलांचे ३, माणसांचे ४, आणि सजावटीत २ जास्त. हे २ भाग कात्र्या, गोंदाचं यंत्र, तारा अशा हत्यारांवर गेले, जी एकदाच वापरली गेली आणि कोणी मोजली नव्हती. २६० च्या अंदाजावरून १०१ वर येणं हे मोठंच यश आहे, आणि ते बहुतेक यादी, जागा आणि जेवण या तीन निर्णयांचं आहे. कर्ज नाही, आईवडिलांच्या साठवणीला हात नाही. दोन्ही अटी पाळल्या गेल्या.

घरच्यांचे तास १४५ धरले होते, झाले २६०. त्यातले ७० शेवटच्या दोन दिवसांत, पाच माणसांत, म्हणजे माणशी १४. पाहुण्यांना यातलं काही दिसलं नाही. त्यांच्या लेखी लग्न सुरेख झालं. खरोखरच झालं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

महिन्याभराने आम्ही तिघं वही घेऊन बसलो. आदल्या संध्याकाळचा ताबा घ्यायला हवा होता, यावर एका मिनिटात एकमत झालं. तिथे वाचवलेले २ भाग आणि नंतर माणसांवर गेलेले ४, हा हिशोब डोळ्यांत भरणारा होता.

सजावटीत आम्ही दोघी एक सांगत होतो, मुलगा वेगळं. त्याचं म्हणणं, फुलं विकतच तयार घ्यायची होती. मला ते पटत नाही. आईबरोबर देठ कापत बसलेली ती रात्र मुलीला लग्नातल्या कोणत्याही क्षणापेक्षा जास्त आठवते, तसं ती स्वतः म्हणते. माझं मत असं की जे काम महिनाभर आधी करून कपाटात ठेवता येतं ते घरी करावं. जे शेवटच्या दोन दिवसांतच होऊ शकतं, त्यातलं एखादंच मनापासून हवं असलेलं निवडावं आणि बाकीचं दुसऱ्यावर सोपवावं. फुलं हे त्यांचं एक काम झालं असतं. मग टेबलं मांडणं, पेले, आवराआवर यांना पहिल्यापासून पैसे देऊन माणसं ठेवायची होती. आराखड्यात ती जागा निघाली असती. सजावटीचं कापड आणि मंचामागची कमान गेली असती तर ४ भाग सहज सुटत होते, आणि त्या कमानीची आठवण आज कोणी काढत नाही.

वही माझ्याकडे होती, म्हणून एक गोष्ट मी माझ्या नावावर घेते. वेळापत्रकात प्रत्येक कामासमोर वेळ होती आणि माणूस होता. त्या वेळी तो माणूस आणखी कुठे हवा आहे, हे मी पाहिलं नव्हतं. सहा वाजता काकूंचं नाव दोन ठिकाणी हवं होतं. वहीत ते एकाही ठिकाणी नव्हतं. फोटोच्या यादीत ‘दोन्ही कुटुंबं’ एवढंच लिहिलेलं होतं आणि पेल्यांचं काम लिहिलेलंच नव्हतं.

वडिलांच्या सहकाऱ्यांसाठी ठेवलेल्या त्या घरगुती संध्याकाळी मुलाच्या मित्राने कॅमेरा आणला. सगळे पुन्हा तेच कपडे घालून अंगणात उभे राहिले, काकू मधोमध. आता मुलाच्या बहिणीचं ठरलंय आणि तिने वही मागितली आहे. देण्याआधी मुलीने प्रत्येक पानावर पट्टीने एक उभी रेघ ओढून नवा रकाना केला आहे: ‘या वेळी हा माणूस कुठे बसलेला असायला हवा?’